गुरांचा दवाखाना आणि माणसाचे मन
(पशुवैद्यकीय समाजकार्याचा एक परिचय)

द्वितीय वर्ष कला, समाजशास्त्र

जनावराला वाचा नसते. म्हणून त्याचे दुखणे ओळखणारा वैद्य अधिक कुशल असावा लागतो, असे आपण नेहमी म्हणतो. परंतु त्या वैद्यालाही स्वतःचे दुखणे असू शकते आणि तेही पुष्कळदा मुकेच राहते, याचा विचार आपण सहसा करीत नाही. गुरांचा डॉक्टर म्हणजे रक्तामांसाला न डगमगणारा, अपरात्री चिखलातून मोटारसायकल हाकीत येणारा, अडलेल्या म्हशीची सुटका करून हात धुऊन पुढच्या गावाला निघणारा गृहस्थ, असे एक चित्र आपल्या डोळ्यांसमोर असते. त्याने आपले मन घट्ट केलेलेच असणार, असे आपण गृहीत धरतो. हे गृहीत कितपत खरे आहे?

गेल्या काही दशकांत इंग्लंड-अमेरिकेतील अभ्यासकांनी या प्रश्नाकडे गांभीर्याने पाहिले आणि त्यातून ‘पशुवैद्यकीय समाजकार्य’ नावाची एक नवी शाखा उदयास आली. समाजशास्त्राच्या तासाला समाजकार्याचा इतिहास शिकताना या शाखेचा उल्लेख प्रथम कानावर पडला, तेव्हा गुराढोरांच्या घरातून आलेल्या आणि घरात सर्वप्रथम महाविद्यालयाची पायरी चढलेल्या माझ्यासारख्या विद्यार्थिनीला त्याविषयी कुतूहल वाटले. प्रस्तुत लेखात या शाखेची ओळख करून देण्याचा प्रयत्न केला आहे. लेखाचा मध्यवर्ती मुद्दा एकच आहे: पशुवैद्याच्या मनावरचे ओझे हा त्याच्या स्वभावाचा दोष नसून त्याच्या कामाच्या रचनेतून येणारा भार आहे, म्हणून ‘मन घट्ट करा’ हा त्यावरचा उपाय होऊ शकत नाही, तो भार वाटून घेणे हाच उपाय आहे.

ओझे कशाकशाचे?

माणसांच्या दवाखान्यात रोगी आणि डॉक्टर असे दोन पक्ष असतात. गुरांच्या दवाखान्यात मात्र तीन पक्ष असतात: जनावर, त्याचा मालक आणि डॉक्टर. दुखते जनावराला, बोलतो मालक आणि पैसेही मालकच देतो. उपचार करावा की नाही, किती करावा, केव्हा थांबावे, हे सारे मालक ठरवितो. डॉक्टरला इलाज ठाऊक असतो, औषधही उपलब्ध असते; परंतु मालकाची ऐपत नसते किंवा इच्छा नसते. मग बरे होऊ शकणारे जनावर डोळ्यांदेखत जाते, किंवा पाश्चात्त्य देशांत प्रचलित असलेल्या रीतीप्रमाणे, त्याला दयामरण देण्याचे काम डॉक्टरच्याच हातून होते. ज्या हातांनी वाचवायचे त्याच हातांनी मारायचे, हा विरोध अन्य कोणत्या वैद्यकीय व्यवसायात इतक्या नित्याचा नसेल.

अमेरिकन तत्त्वज्ञ बर्नार्ड रोलिन यांनी १९८७ साली या अवस्थेला ‘नैतिक ताण’ असे नाव दिले. कामाच्या धावपळीचा ताण आणि हा ताण यांत त्यांनी मूलभूत भेद केला. धावपळीचा शीण रात्रीच्या झोपेने किंवा चार दिवसांच्या सुट्टीने उतरतो. परंतु ज्या हेतूने मनुष्य एखाद्या व्यवसायात आला त्या हेतूच्या विरुद्ध वागण्याची वेळ त्याच्यावर रोज येत असेल, तर तो ताण विश्रांतीने जात नाही. झोपून उठल्यावर तो तसाच उशाशी उभा असतो.

दुसरे ओझे दुसऱ्याच्या दुःखाचे. सतत दुःखितांच्या सहवासात राहून त्यांची काळजी वाहणाऱ्या माणसाची करुणाच हळूहळू आटत जाते, त्याला काही वाटेनासे होते, झोप उडते, चिडचिड वाढते. या अवस्थेला इंग्रजीतील संज्ञेच्या अनुरोधाने ‘करुणेचा थकवा’ म्हणता येईल. मानसशास्त्रज्ञ चार्ल्स फिगली यांनी १९९५ मध्ये या विषयावर ग्रंथ सिद्ध केला आणि पुढे २००६ मध्ये रॉबर्ट रूप यांच्यासह प्राण्यांची सेवा करणाऱ्यांच्या बाबतीत त्याचा स्वतंत्र विचार मांडला. हा थकवा निष्काळजी माणसाला येत नाही. जो मनापासून काळजी वाहतो त्यालाच तो येतो, ही त्यातील खरी शोकांतिका होय.

तिसरे ओझे चेहऱ्याचे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये विमानातील सेविकांचा अभ्यास करून ‘भावनिक श्रम’ ही संकल्पना मांडली. कामाची गरज म्हणून मनातली भावना दाबणे आणि दुसरीच चेहऱ्यावर आणणे, हेही श्रमच होत. शहरातील प्राण्यांच्या दवाखान्याचे उदाहरण घेऊ. एका खोलीत पंधरा वर्षांच्या सोबतीनंतर एक वृद्ध गृहस्थ आपल्या कुत्र्याचा अखेरचा निरोप घेत असतात. शेजारच्या खोलीत एक मुलगा नुकतेच आणलेले पिलू पहिल्या लसीसाठी घेऊन हसत बसलेला असतो. मधले दार ओलांडताना डॉक्टरला चेहरा बदलावा लागतो. दिवसातून असे किती वेळा करावे लागत असेल, याचा हिशेब कोणत्याही नोंदवहीत नसतो.

चौथे ओझे अबोल शोकाचे. केनेथ डोका या अभ्यासकाने १९८९ मध्ये, समाज ज्याला शोक म्हणून मान्यताच देत नाही, अशा शोकाची संकल्पना विशद केली. आपल्याकडे ती चटकन समजण्यासारखी आहे. माणूस गेला तर सुतक असते, दहावा-तेरावा असतो, पै-पाहुणे भेटायला येतात, ‘रडून घे’ असे सांगणारे कोणीतरी असते. जनावर गेले तर यांपैकी काहीच नसते. दावणीचा बैल गेला तरी दुसऱ्या दिवशी शेतावर जावेच लागते. मालकाच्या शोकाची ही गत, तर डॉक्टरच्या शोकाला कोण विचारणार? त्याचे तर ते जनावरही नव्हते! तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो असा.

कंब्रियाचा धडा

हे सारे ओझे एकाच वेळी एका प्रदेशावर कोसळले तर काय होते, याचे ठळक उदाहरण म्हणून इंग्लंडमधील २००१ सालच्या लाळ्या-खुरकुताच्या साथीकडे बोट दाखविता येईल. फेब्रुवारी २००१ मध्ये एसेक्स परगण्यातील एका कत्तलखान्यात हा रोग आढळला. त्यानंतर काही महिन्यांत दोन हजारांहून अधिक ठिकाणी त्याची लागण झाली. रोग आटोक्यात आणण्यासाठी शासनाने जनावरे मारण्याचे धोरण स्वीकारले. रोगट जनावरेच नव्हेत, तर लागण झालेल्या शेताच्या शेजारची धडधाकट जनावरेही मारली गेली. एकूण साठ लाखांहून अधिक गाई, मेंढ्या आणि डुकरे या साथीच्या काळात मारण्यात आली. लष्कराला पाचारण करावे लागले, परदेशांतून पशुवैद्य बोलवावे लागले. मे महिन्यात व्हायची सार्वत्रिक निवडणूकही जूनपर्यंत पुढे ढकलली गेली.

उत्तर इंग्लंडमधील कंब्रिया परगण्याला या साथीचा सर्वांत मोठा तडाखा बसला. लँकेस्टर विद्यापीठाच्या मॅगी मॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील ५४ लोकांना सुमारे अठरा महिने दर आठवड्याला दैनंदिनी लिहायला लावले. त्यांत शेतकरी होते, त्यांचे कुटुंबीय होते, गावातील छोटे व्यावसायिक होते, तसेच जनावरे मारण्याच्या व त्यांची विल्हेवाट लावण्याच्या कामावर राबलेले लोकही होते. हा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. साथ ओसरल्यानंतरही लोकांच्या मनातील शोक, नव्या संकटाची धास्ती आणि शासनयंत्रणेवरचा उडालेला विश्वास टिकून होता, आणि हे दुःख शेतकऱ्यांपुरते मर्यादित नव्हते, असे त्यातून दिसून आले.

या अभ्यासाचे समाजशास्त्रीय महत्त्व मोठे आहे. साथीचा हिशेब आपण मेलेल्या जनावरांत आणि वाटलेल्या भरपाईत करतो. परंतु शेजाऱ्याच्या धडधाकट मेंढ्यांना मारण्यासाठी ज्याला पाठविले तो डॉक्टर, ज्याच्या गाडीत ती कलेवरे भरली तो चालक, ज्या वर्गात त्या शेतकऱ्याची मुले येऊन बसली तो शिक्षक, या सर्वांचे मन त्या हिशेबाबाहेर राहते. संकट जनावरांचे असते, परंतु त्याचा आघात साऱ्या समाजावर होतो.

आकडे काय सांगतात?

पशुवैद्यांच्या आत्महत्यांचा प्रश्न हा या विषयाचा सर्वांत दुःखद भाग आहे. तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. ब्रिटनमधील संशोधक डेव्हिड बार्टरम आणि डेव्हिड बाल्डविन यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात, तेथील पशुवैद्यांमध्ये आत्महत्येचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येच्या सुमारे चौपट आणि इतर आरोग्य व्यवसायांच्या सुमारे दुप्पट असल्याचे नमूद केले. अमेरिकेत २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १९७९ ते २०१५ या काळातील ११,६२० पशुवैद्यांच्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यांपैकी ३९८ मृत्यू आत्महत्येने झालेले होते. सर्वसाधारण लोकसंख्येशी तुलना करता हे प्रमाण पुरुष पशुवैद्यांत २.१ पट, तर स्त्री पशुवैद्यांत ३.५ पट आढळले.

आकडे वाचताना विवेक राखणे आवश्यक आहे. या आकड्यांचा अर्थ प्रत्येक पशुवैद्य दुःखी असतो असा नाही. पुष्कळ पशुवैद्य आपल्या कामात समाधानी असतात, आणि अडलेले वासरू सुखरूप बाहेर आल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर दिसणारा आनंद आपण पाहिलेला असतो. आत्महत्येमागे कधीही एकच कारण नसते आणि वेळेवर आधार मिळाल्यास माणूस त्या टोकावरून मागे फिरू शकतो, हेही अभ्यासकांनी पुनःपुन्हा सांगितले आहे. परंतु एखाद्या व्यवसायातच हे प्रमाण वाढलेले दिसते, तेव्हा त्याचे कारण केवळ व्यक्तीत शोधून भागत नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १८९७ मध्येच आत्महत्या ही सामाजिक घटना म्हणूनही अभ्यासली पाहिजे असे दाखवून दिले होते. आपण परीक्षेसाठी दुर्खीम पाठ करतो. त्यांचे म्हणणे येथे प्रत्यक्ष उतरलेले दिसते.

समाजकार्याची दृष्टी

येथे समाजकार्याचा प्रवेश होतो. आपल्याकडे समाजकार्य म्हणजे दानधर्म किंवा सणासुदीला वाटलेले कपडे, असा समज अद्याप पुष्कळ ठिकाणी आहे. व्यावसायिक समाजकार्य ही त्याहून वेगळी गोष्ट आहे. मेरी रिचमंड यांनी १९१७ मध्ये ‘सोशल डायग्नोसिस’ हा ग्रंथ लिहून या शास्त्राचा पाया घातला. माणसाची अडचण समजून घ्यायची तर तो ज्या घरात, ज्या कामात, ज्या नात्यांत उभा आहे ते सर्व समजून घेतले पाहिजे, ही त्यामागील दृष्टी होय.

दवाखान्यात समाजकार्यकर्ता असावा ही कल्पना त्याहूनही जुनी आहे. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात १८९५ मध्ये मेरी स्ट्युअर्ट यांची अशा कामासाठी नेमणूक झाली. अमेरिकेत १९०५ मध्ये डॉ. रिचर्ड कॅबट यांनी बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात ही प्रथा सुरू केली. आपल्या मुंबईतील जे. जे. रुग्णालयात १९४६ मध्ये वैद्यकीय समाजकार्यकर्त्याची नेमणूक झाली. ती भारतातील पहिली मानली जाते. रोग बरा करणे डॉक्टरचे काम. परंतु रोग्याच्या घरी चूल पेटते की नाही, औषधाला पैसे आहेत की नाही, तो मनाने खचला आहे की काय, हे पाहायला कोणीतरी हवे, हे माणसांच्या दवाखान्याने अशा रीतीने मान्य केले.

जनावरांच्या दवाखान्याने हे मान्य करायला आणखी काही काळ लागला. न्यूयॉर्क येथील ‘ॲनिमल मेडिकल सेंटर’ या प्राण्यांच्या मोठ्या रुग्णालयात १९८२ पासून सुझन कोहेन या समाजकार्यकर्तीने प्राण्यांच्या मालकांना समुपदेशन देण्यास आरंभ केला. पुढे २००२ मध्ये अमेरिकेतील टेनेसी विद्यापीठात पशुवैद्यक महाविद्यालय आणि समाजकार्य महाविद्यालय यांनी एकत्र येऊन स्वतंत्र कार्यक्रम सुरू केला. एलिझाबेथ स्ट्रँड या त्याच्या संस्थापक. ‘पशुवैद्यकीय समाजकार्य’ हे नाव याच कार्यक्रमामुळे रूढ झाले. माणूस आणि प्राणी यांच्या संबंधातून माणसांच्या ज्या गरजा निर्माण होतात त्यांकडे लक्ष देणे, अशी या कामाची भूमिका आहे. जनावर डॉक्टरने पाहायचे आणि माणूस समाजकार्यकर्त्याने, अशी ही सरळ विभागणी होय.

कामाची चार क्षेत्रे

या शाखेत कामाची मुख्यतः चार क्षेत्रे मानली जातात.

पहिले क्षेत्र प्राण्याच्या वियोगाचे. जनावर वाचणार नाही हे मालकाला सांगण्याच्या वेळी समाजकार्यकर्ता जवळ बसतो. निर्णय मालकाचाच असतो. परंतु तो घेण्यासाठी त्याला शांत जागा, समजेल अशी भाषा आणि थोडा अवधी लागतो. नंतर काही दिवसांनी विचारपूसही केली जाते. यामुळे मालकाला आधार मिळतो हे उघडच आहे. त्याचबरोबर डॉक्टरला पुढच्या जनावराकडे जाताना, मागे एक रडणारा माणूस एकटा सोडून आल्याची टोचणी राहत नाही.

दुसरे क्षेत्र प्राण्यांच्या साहाय्याने माणसांना आधार देण्याचे. रुग्णालये, शाळा, वृद्धाश्रम अशा ठिकाणी शिकविलेले प्राणी नेऊन एकाकी माणसांना सोबत देण्याचे उपक्रम चालतात. त्यात माणसाबरोबर प्राण्याचेही हित सांभाळले जाईल हे पाहावे लागते.

तिसरे क्षेत्र हिंसेचे. ज्या घरात बाईमुलांना मार बसतो त्या घरात पुष्कळदा प्राण्यालाही मार बसतो. अमेरिकेतील युटा राज्यात महिलांच्या आश्रयगृहातील ३८ स्त्रियांचा अभ्यास फ्रँक ॲसिओन यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. ज्यांच्याकडे पाळीव प्राणी होते त्यांपैकी बहुसंख्य स्त्रियांनी, नवऱ्याने किंवा जोडीदाराने प्राण्याला इजा केल्याचे अथवा तशी धमकी दिल्याचे सांगितले. म्हणजे मोडक्या पायाचे कुत्रे दवाखान्यात येते तेव्हा त्याच्या मागे घरातल्या बाईची न सांगितलेली कहाणीही असू शकते. डॉक्टरला ती ओळखता यावी आणि ओळखल्यावर काय करावे हे ठाऊक असावे, यासाठी समाजकार्यकर्त्याची मदत होते.

चौथे क्षेत्र आपल्या विषयाच्या गाभ्याचे: खुद्द पशुवैद्य, त्यांचे साहाय्यक आणि विद्यार्थी यांचे मनःस्वास्थ्य. येथे समाजकार्यकर्ता तीन पातळ्यांवर काम करतो. व्यक्तीच्या पातळीवर तो ऐकून घेतो आणि गरज भासल्यास मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवितो. गटाच्या पातळीवर, अवघड दिवसानंतर सर्वांना अर्धा तास एकत्र बसवून काय घडले ते बोलू देतो. डॉक्टर आणि साहायकांमधील कुरबुरी वाढण्याआधी मिटवितो. संस्थेच्या पातळीवर तो व्यवस्थेलाच प्रश्न विचारतो. दयामरणाचे काम रोज एकाच माणसाकडे का? रात्रपाळीनंतर सुट्टी का नाही? धोकादायक औषधे एकट्याच्या ताब्यात न ठेवता दोघांच्या नोंदीने का ठेवू नयेत? पैशाविषयीचे अप्रिय बोलणे प्रत्येक वेळी डॉक्टरनेच का करावे? हे प्रश्न साधे वाटतात. परंतु पहिल्या दोन पातळ्यांवरचे काम जखमेवर फुंकर घालते, तर ही तिसरी पातळी जखम कशाने होते ते शोधते.

या व्यवसायातील लोकांनी स्वतःही पुढाकार घेतला आहे. ब्रिटनमध्ये पशुवैद्यांसाठी खास दूरध्वनी-सेवा चालते. तेथील पशुवैद्यांच्या रॉयल कॉलेजने २०१४ मध्ये मनःस्वास्थ्यासाठी ‘माइंड मॅटर्स’ हा उपक्रम सुरू केला. त्याच वर्षी अमेरिकेत ‘नॉट वन मोअर व्हेट’ ही परस्परांना आधार देणारी चळवळ उभी राहिली. आपले दुःख समव्यवसायी बांधवाला सांगणे सोपे जाते, या साध्या अनुभवावर ती आधारलेली आहे.

आपल्या मातीत

येथपर्यंत वाचल्यावर कोणी म्हणेल की हा सारा श्रीमंत देशांतील कुत्र्या-मांजरांचा विषय आहे. आपल्या खेड्यापाड्यांशी त्याचा काय संबंध? संबंध आहे, फक्त त्याचे रूप वेगळे आहे.

२०१९ च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ४० लाख गाई-बैल आहेत. हे जनावर म्हणजे शेतकऱ्याचे भांडवल आणि अडीअडचणीला मोडता येणारी ठेव असते; आणि तरीही ते नावाने हाक मारण्याचे जनावर असते. त्यामुळे येथे डॉक्टरसमोरचा शोक आणि नुकसान वेगळे काढता येत नाहीत. तिकडे दयामरणाचा ताण मोठा, तर इकडे पोहोचू न शकल्याचा. अंतर लांब, गावे पुष्कळ, मालकाच्या खिशात पैसे नाहीत आणि घरगुती उपाय करून थकल्यावर डॉक्टरला केलेला उशिराचा निरोप. अशा स्थितीत जनावर दगावले की बोल डॉक्टरला लागतो.

साथीच्या काळात हे सर्व तीव्र होते. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील कोंबड्यांमधील बर्ड फ्लूची पहिली लागण आढळली, तेव्हा लाखांवर कोंबड्या मारून पुरण्याचे काम पशुसंवर्धन खात्याच्या माणसांनी अंगभर संरक्षक पोशाख चढवून केले. रोगाचा संसर्ग होऊ नये म्हणून त्यांना औषधे दिली गेली, ते योग्यच झाले. परंतु अशा कामाचा मनाला होणारा संसर्ग टाळण्याची तजवीजही तितकीच आवश्यक असते.

२०२२ मध्ये लम्पी चर्मरोग आला तेव्हा मी अकरावीत होते. ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातून त्याच्या बातम्या आल्या आणि पाहता पाहता तो राज्यभर पसरला. बैलबाजार बंद झाले, गावोगाव लसीकरण सुरू झाले. मृत गाईसाठी तीस हजार, बैलासाठी पंचवीस हजार आणि वासरासाठी सोळा हजार रुपये मदत शासनाने ठरविली. आमच्या शेजारच्या काकूंची गाभण गाय त्यात गेली. डॉक्टर पंचनाम्याला आले. आदल्या दिवसापर्यंत ज्या गाईवर त्यांनी औषधोपचार केले तिच्याच मृत्यूचा कागद आता त्यांना लिहावा लागत होता. काकूंनी विचारले, “साहेब, दोन दिवस आधी लस मिळाली असती तर वाचली असती का हो?” डॉक्टर काही बोलले नाहीत. कागदावर सही घेऊन, चहा न घेता, ते पुढच्या वस्तीवर गेले. त्या वेळी गावात कोणी म्हणाले, “डॉक्टर फार तुटक आहेत.”

आता हा विषय वाचल्यावर वाटते की त्या प्रश्नाला उत्तर देणे कोणाही एका माणसाच्या शक्तीबाहेरचे होते. लस केव्हा यावी हे त्या डॉक्टरच्या हाती नव्हते. काकूंचे दुःख खरे होते, डॉक्टरचे गप्प बसणेही खरे होते. आणि त्या दोघांच्या मध्ये बसून दोघांचेही ऐकून घेणारे तेथे कोणी नव्हते. पशुवैद्यकीय समाजकार्य ज्या रिकाम्या जागेविषयी बोलते, ती हीच.

आपण काय करू शकतो?

महाराष्ट्रात या कामासाठी लागणारे दोन्ही हात अस्तित्वात आहेत. मुंबईत १८८६ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले आणि २००० मध्ये नागपूर येथे पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. समाजकार्याच्या शिक्षणाचा तर देशातील आरंभच १९३६ मध्ये मुंबईत टाटा संस्थेत झाला. पुढे १९५५ मध्ये निर्मला निकेतन आणि १९६३ मध्ये पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था उभी राहिली. प्रश्न आहे तो या दोन हातांची गाठ घालण्याचा.

त्यासाठी फार मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही, असे मला नम्रपणे सुचवावेसे वाटते. समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्य सक्तीचे असते. ते रुग्णालयांत, वस्त्यांत, शाळांत जातात. त्यांपैकी काहींना आठवड्यातून एक दिवस तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पाठविता येईल. साथीच्या काळात पंचनाम्याच्या पथकाबरोबर एक समाजकार्यकर्ता दिल्यास डॉक्टर जनावराकडे पाहू शकेल आणि कार्यकर्ता मालकाशी बोलू शकेल. साथ संपल्यावर खात्याच्या बैठकीत आकड्यांबरोबर माणसांचीही विचारपूस व्हावी. पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना वाईट बातमी कशी सांगावी आणि स्वतःचे मन कसे सांभाळावे, याचे धडे पहिल्या वर्षापासून मिळावेत. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची ‘टेलिमानस’ ही मनःस्वास्थ्याची विनामूल्य दूरध्वनी-सेवा १४४१६ या क्रमांकावर चालते व तेथे मराठीतही बोलता येते. हा क्रमांक दवाखान्याच्या भिंतीवर लसीकरणाच्या वेळापत्रकाशेजारी लावायला काय हरकत आहे? मालकालाही तो उपयोगी पडेल आणि डॉक्टरलाही.

आपल्यापैकी जे खेड्यांतून येतात त्यांनाही काही करता येईल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, पशुचिकित्सा शिबिरेही भरवितो. त्या शिबिरात जनावरे धरून ठेवण्याबरोबरच, डॉक्टरला वेळेवर निरोप देणे, लसीची तारीख न चुकविणे आणि जनावर दगावल्यास डॉक्टरला धारेवर न धरणे, या गोष्टी घराघरांत सांगणे हेही समाजकार्यच होय.

समारोप

पशुवैद्यकीय समाजकार्याचा सारांश सांगायचा तर असा: दुःख जिथे तयार होते तिथेच त्याची वाटणी व्हायला हवी. जनावर, मालक आणि डॉक्टर या तिघांचा भार आज बहुधा डॉक्टरच्या एकाच खांद्यावर येतो, आणि तो खांदा वाकला की आपण त्या माणसाच्या कणखरपणाविषयी शंका घेतो. बैलगाडीत ओझे जास्त झाले तर शहाणा शेतकरी बैलाला दोष देत नाही. ओझे उतरवितो किंवा दुसरी बैलजोडी लावतो. जनावरांच्या बाबतीत पिढ्यान्‌पिढ्या पाळलेला हा व्यवहार आपण जनावरांच्या वैद्याच्या बाबतीतही पाळावा, एवढीच या लेखाची विनंती आहे.